लसणाने दाखवलेली वाट

मधुमेह जुना झाला, तळपायांना मुंग्या येऊ लागल्या की डॉक्टरांच्या चिठ्ठीवर नसांची म्हणून एक गोळी बऱ्याचदा येते. पाकिटावरची बारीक अक्षरं वाचलीत तर ब-१२च्या जोडीला कधीकधी ‘बेनफोटियामिन’ असं नाव दिसेल. हे ब-१ जीवनसत्त्वाचं, म्हणजे थायमिनचं, कारखान्यात घडवलेलं रूप.

त्याची गोष्ट जपानची. पॉलिशच्या पांढऱ्या भातापायी तिथे बेरीबेरीने, म्हणजे ब-१च्या अभावाने होणाऱ्या आजाराने, हजारो माणसं गेली होती, त्यामुळे तिथले संशोधक ब-१च्या मागे हात धुऊन लागलेले. १९५०च्या सुमारास क्योतो विद्यापीठात फुजिवारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी थायमिनमध्ये लसणाचा अर्क मिसळला, तर नेहमीच्या चाचणीत थायमिन सापडेना. लसणाने ते खाऊन टाकलं, असंच कुणालाही वाटलं असतं. पण तेच मिश्रण पोटात गेल्यावर ब-१चं काम चोख करत होतं. इतकंच नाही, रक्तात ते साध्या थायमिनपेक्षा जास्त चढत होतं! लसणातल्या अ‍ॅलिसिनशी संयोग होऊन ‘अ‍ॅलिथायमिन’ तयार झालं होतं. १९५४मध्ये ताकेदा कंपनीने याच धर्तीची गोळी बाजारात आणली. घेणाऱ्याच्या तोंडाला लसणाचा वास यायचा, म्हणून पुढे कमी वासाची रूपं शोधावी लागली.

साधं थायमिन पाण्यात विरघळतं. आतड्यातून ते आत नेणारी प्रथिनं मोजकीच, त्यामुळे मोठा डोस घेतला तरी बराचसा वाया जातो. अ‍ॅलिथायमिनमध्ये थायमिनच्या रेणूतलं अणूंचं एक कडं उघडलेलं असतं. बेनफोटियामिनमध्येही तसंच. आतड्यात त्याचा फॉस्फेट सुटला की उरलेला रेणू स्निग्ध होतो आणि पेशींच्या पडद्यातून सहज आरपार जातो. आत गेल्यावर कडं पुन्हा मिटतं आणि थायमिन हजर.

पण रक्तात चढणं वेगळं आणि नसा सुधारणं वेगळं. २००३मध्ये मधुमेही उंदरांच्या डोळ्यांतल्या पडद्याची हानी बेनफोटियामिनने रोखली, तेव्हा मोठी आशा वाटली होती. माणसांत चित्र धूसर आहे. जर्मनीतल्या सहा आठवड्यांच्या चाचणीत त्रास थोडा हलका झाला. नॉर्वेत मात्र टाइप-१ मधुमेहींनी दोन वर्षं रोज ३०० मिलिग्रॅम घेऊनही नसांच्या कामात ठळक फरक पडला नाही. दिवसाची आपली गरज दीड मिलिग्रॅमच्या आसपास! माझ्या मते ही गोळी फारशी अपाय करणारी नाही, पण साखर ताब्यात ठेवण्याला पर्यायही नाही.

आणखी एक. मेटफॉर्मिन हे मधुमेहाचं औषध वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत ब-१२ घटू शकतं, आणि त्यानेही पायांना मुंग्या येतात. तेव्हा रक्ततपासणी गोळी सुरू करण्याआधीच करून घ्यावी. गोळीतही ब-१२ असेल तर नंतर अहवालातला आकडा चढलेलाच दिसणार.