जलपर्णी मूठभर असते तेव्हा

दिवाळीच्या सुमाराला तलावाच्या एका कोपऱ्यात जलपर्णीचा एक चौरस मीटरचा पुंजका आहे असं धरा. दोन माणसं पाच मिनिटांत उपसून काढतील, एवढाच. पाण्यात सांडपाणी मिसळत असेल आणि हवेत ऊब असेल, तर ही वनस्पती आठवड्या-दोन आठवड्यांत दुप्पट होते. थंडीत वेग मंदावतो, मार्चनंतर पुन्हा वाढतो. सरासरी बारा दिवस धरले आणि हिशेब मांडला, तर एका चौरस मीटरचं एक हेक्टर, म्हणजे दहा हजार चौरस मीटर, व्हायला तेरा-चौदा दुपटी लागतात. साधारण १६० दिवस. एप्रिलमध्ये त्या कोपऱ्यातून हेक्टरभर गालिचा पसरलेला असतो. दाट जलपर्णीचं ओलं वजन हेक्टरी २०० ते ३०० टन भरतं आणि त्यातला सुमारे ९५ टक्के भाग निव्वळ पाणी असतो. उन्हाळ्यात पोकलेन आणि डंपर लावून आपण वाहून नेतो ते बहुतांशी पाणीच.

पवई, रंकाळा, पाषाण, सोलापूरचा कंबर तलाव... जलपर्णीची बातमी यांपैकी कुठून ना कुठून येत राहते, आणि ती येते तेव्हा स्वस्तात काम होण्याची वेळ टळून गेलेली असते. म्हणून तलावावर काम करू पाहणाऱ्या गटाचं मुख्य काम जलपर्णी काढणं नसून ती शोधणं आहे. या कामाचा फोटो चांगला येत नाही, त्यामुळे स्वच्छता मोहिमेला शंभर जण जमतात आणि नोव्हेंबरच्या फेरीला चार. चार पुरतात.

अमेरिकेतल्या मेन, विस्कॉन्सिन अशा राज्यांत काठावर राहणाऱ्या लोकांचे गट कित्येक दशकं हे काम करत आहेत. मेनमधल्या स्वयंसेवी तलाव-निरीक्षणाची सुरुवात १९७१ची. त्यांची पद्धत उचलण्यासारखी आहे, यादी मात्र नाही. तिथले गट ज्या हायड्रिला नावाच्या, पाण्याखाली वाढणाऱ्या वनस्पतीच्या मागावर असतात, ती आपल्या तलावांतली मूळची रहिवासी. मत्स्यालयांच्या व्यापारातून १९५०च्या दशकात ती फ्लोरिडात पोचली आणि तिकडे उपद्रवी ठरली. आपल्याकडे हायड्रिला दिसली तर ती नोंदवायची आणि सोडून द्यायची; माशांची पिल्लं तिच्या आडोशाने वाढतात, पाणबदकं तिच्यावर चरतात. कुमुद, शिंगाडा, वॅलिस्नेरिया यांचंही तसंच. काठावरचं पाणकणीस माजतं खरं, पण तेही इथलंच.

महाराष्ट्रातल्या तलावावर शोधायची यादी छोटी आहे. तरंगणाऱ्यांत जलपर्णी, जिला कोल्हापूरकडे केंदाळ म्हणतात, साल्विनिया, आणि पिस्टिया, म्हणजे छोट्या कोबीच्या गड्ड्यासारखी दिसणारी तरंगती वनस्पती. पिस्टियाच्या मूळ देशाबद्दल वनस्पतिशास्त्रज्ञांत एकमत नाही, पण सांडपाण्यावर ती जलपर्णीसारखीच फोफावते, म्हणून यादीत ठेवावी. काठावर बेशरम आणि अ‍ॅलिगेटर वीड. पाण्याखाली कॅबोम्बा. ही मत्स्यालयात लावली जाणारी वनस्पती केरळमध्ये मोकळ्या पाण्यात पसरली आहे. २०२०मध्ये कोझिकोड जिल्ह्यातल्या आवळा पांडी इथे तिच्या गुलाबी फुलांनी कालवा भरला, तेव्हा लोक पाहायला गर्दी करू लागले. घरचं मत्स्यालय मोडताना त्यातल्या वनस्पती जवळच्या तलावात 'सोडून देणं' हा तिच्या प्रवासाचा सोपा मार्ग आहे.

ओळखताना सगळ्यात जास्त फसवणारी वनस्पती म्हणजे खुद्द जलपर्णी. फुगीर, स्पंजासारखे देठ ही तिची खूण सगळ्यांना पाठ असते. पण असे देठ मोकळ्या पाण्यात सुट्या वाढणाऱ्या झाडांनाच असतात. दाटीत वाढलेल्या झाडांचे देठ लांब, सडपातळ होतात, फुगवटा जवळजवळ नाहीसा होतो आणि नवखा माणूस त्याची वेगळी वनस्पती म्हणून नोंद करतो. बियांतून उगवलेलं रोप आणखी वेगळं असतं. सुरुवातीची पानं अरुंद, पट्टीसारखी, चिखलातल्या गवतासारखी. शंका आली की रोप उपटून मुळं पाहावीत: मोठ्या झाडाची मुळं पिसासारखी, काळपट-जांभळी आणि पाण्यात लोंबणारी असतात. भातखाचरांत आणि डबक्यांत वाढणारी मोनोकोरिया तिच्याच कुळातली आणि निळ्या फुलांची आहे. पण ती चिखलात रुजलेली असते, देठ फुगत नाहीत, आणि जलपर्णीच्या वरच्या पाकळीवर असतो तसा निळ्या कडेचा पिवळा ठिपका तिच्या फुलात नसतो.

साल्विनियासाठी दहापट मोठं दाखवणारं साधं भिंग लागतं. पानाच्या वरच्या बाजूला उभे केस असतात आणि प्रत्येक केसाच्या टोकाला फाटे फुटून ते पुन्हा एकत्र जुळलेले असतात, अंडी फेटायच्या तारेच्या फेटणीसारखे. पाण्याचा थेंब त्यावर ठरत नाही. शेतकरी चाऱ्यासाठी वाढवतात ती अझोला याहून बरीच बारीक आणि बऱ्याचदा लालसर असते. साल्विनिया मोलेस्टा वांझ आहे, तिला पुनरुत्पादनक्षम बीजाणू धरत नाहीत; तुकड्यातूनच वाढते. म्हणून ती काढताना तुटलेला प्रत्येक तुकडा जाळीत आला पाहिजे. अ‍ॅलिगेटर वीडची खूण फुलात आहे. पांढरा गोंडा दोन ते पाच सेंटीमीटरच्या दांड्यावर असतो. अल्टरनँथेरा या तिच्या आपल्याकडच्या साध्या भाईबंद वनस्पतीमध्ये तो पानाच्या बगलेत, विनादांड्याचा चिकटलेला असतो.

फेऱ्यांचं वेळापत्रक पाण्यावरून ठरतं. पहिली फेरी पाऊस थांबल्यावर, ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबर, कारण पुरासोबत नाल्यांतून आणि वरच्या तलावांतून जे वाहून आलं ते आता स्थिरावलेलं असतं. दुसरी जानेवारीत, आशियाई पाणपक्षी गणना याच महिन्यात होते, पक्षी पाहणारे तसेही काठावर असतात. मार्चपासून मात्र दर पंधरवड्याला. पाणी आटू लागलं की उघडी पडलेली गाळाची पट्टी पाहायची असते, आणि ही पट्टी बहुतेक गट विसरतात. जलपर्णीचं बी गाळात पंधरा-वीस वर्षं जिवंत राहू शकतं आणि उथळ पाणी, ऊन नि ओला गाळ मिळाला की उगवतं. धरणाच्या फुगवट्यात गाळपेर करणाऱ्या शेतकऱ्याला ही रोपं आपल्या आधी दिसतात. त्याला विचारावं. तीच गोष्ट मच्छीमारांची: जाळ्यात काय अडकतं आहे हे त्यांना रोज कळतं, आणि मच्छीमार सोसायटीशी ओळख ठेवणारा गट निम्मं काम चहावर उरकतो.

तरंगती वनस्पती जागेवर राहत नाही, वाऱ्याबरोबर जाते. पावसाळ्यात वारा पश्चिम-नैऋत्येकडून येतो, तेव्हा ती पूर्वेच्या काठाला जमते. हिवाळ्यात वारा बव्हंशी पूर्वेकडून, ईशान्येकडून येतो आणि सगळा जथा पश्चिमेला सरकतो. पूर्व काठ साफ दिसला म्हणून 'जलपर्णी कमी झाली' असं लिहिणं ही नेहमीची चूक. नोंदवहीत वाऱ्याची दिशा लिहावी आणि शक्यतो पूर्ण काठ फिरावा. तेवढं जमत नसेल तर निदान नाल्यांची मुखं, विसर्जन घाट, मत्स्यबीज सोडायची जागा, होड्या लागतात तो धक्का, पूल, आणि सांडव्याची वरची व खालची बाजू सोडू नये. सांडव्याखाली सापडलेलं एक झाड म्हणजे खालच्या गावाला द्यायची आगाऊ सूचना.

पाण्याखालचं पाहायला दाताळं लागतं. बागकामाची दोन लोखंडी दाताळी घ्या, दांडे काढा, दोन्ही पाठीला पाठ लावून नट-बोल्ट आणि तारेने घट्ट बांधा. रुंदी ३५ सेंटीमीटरच्या आसपास. त्याला १०-१२ मीटर नायलॉन दोरी आणि दोरीवर दर अर्ध्या मीटरला रंगीत टेपची खूण. प्रत्येक जागी दाताळं तळाला टेकू द्यायचं, दोरीवर खोली वाचायची, तळावरून साधारण अर्धा मीटर ओढायचं आणि सरळ वर घ्यायचं. वर घेताना झटका दिला तर निम्मं गळून जातं. दातांवर आलेलं पांढऱ्या ट्रेमध्ये पसरून तीनच अंक द्यायचे: थोड्या काड्या असतील तर १, दाताळ्याच्या रुंदीभर पसरल्या पण दात दिसतात तर २, दात दिसतच नाहीत तर ३. विस्कॉन्सिनमधली सर्वेक्षणं याच ढोबळ मापावर चालतात. त्याहून बारीक मापं दोन माणसांत जुळत नाहीत, आणि न जुळणारा आकडा पुढच्या वर्षी निरुपयोगी ठरतो. दहा हेक्टरच्या तलावावर ५० मीटर अंतराच्या चौकटींची जाळी नकाशावर आखली तर ४० जागा होतात. होडी असेल तर दोन सकाळींचं काम. फोनचा जीपीएस उघड्या आकाशाखाली पाच-दहा मीटर इकडेतिकडे होतो, ते चालतं.

काही सापडलं नाही तरी शून्य लिहायचं. रिकामी ओळ आणि शून्य यांत फरक आहे: रिकाम्या ओळीवरून 'पाहिलंच नाही' की 'पाहिलं, नव्हतं' हे कळत नाही. नोव्हेंबरला शून्य, जानेवारीला शून्य आणि मार्चमध्ये नाल्याच्या मुखाशी १ अशी नोंद असेल, तरच ते कुठून आणि कधी आलं हे ठरवता येतं. संशयास्पद वनस्पतीचे फोटो चार: पूर्ण झाड, पान दोन्ही बाजूंनी, फूल, आणि देठाचा आडवा छेद, प्रत्येकात शेजारी पट्टी. फोटो इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टलवर किंवा आयनॅचरलिस्टवर टाकले की जाणकार ओळख तपासतात.

हे सगळं उपग्रहावरून होत नाही का? थोडं होतं. सेंटिनेल-२ची चित्रं फुकट मिळतात आणि काही दिवसांच्या अंतराने नवी येतात, पण त्यांचा एक ठिपका १० मीटर बाय १० मीटरचा. एक चौरस मीटरचा पुंजका त्यात दिसत नाही, आणि पावसाळाभर ढगच दिसतात. मोठा गालिचा कुठे सरकला हे पाहायला ती उत्तम.

पुंजका सापडला की लगेच उपटावा असं वाटतं. आधी मालक कोण ते पाहावं: महापालिका, जलसंपदा विभाग की ग्रामपंचायत. नांदूर मध्यमेश्वरसारखं अभयारण्य असेल तर वनखात्याच्या परवानगीशिवाय काडीलाही हात लावू नये. पावसाळ्यात कमळपक्षी आणि जांभळ्या पाणकोंबड्या तरंगत्या वनस्पतींत घरटी करतात, तेव्हा पुंजका आधी दुर्बिणीतून पाहून घ्यावा. काढलेला माल उच्च पूररेषेच्या वर टाकावा. काठावरच ढीग लावला तर आतली झाडं काही आठवडे जिवंत राहतात आणि पहिल्याच पावसात परत पाण्यात. फुलोरा आलेला असेल तर पिशवीत भरून न्यावा. कारखान्यांचं सांडपाणी येणाऱ्या तलावातल्या जलपर्णीचं खत भाजीपाल्याला घालू नये, ती जड धातू शोषून घेते. तणनाशक हे गटाचं काम नव्हे: फवारलेला गालिचा बुडून कुजतो, पाण्यातला प्राणवायू खाली जातो आणि मासे मरतात.

पानांवर दोन ते चार मिलिमीटरचे फिकट, चौकोनी ओरखडे दिसले तर थांबावं. ती निओकेटिना भुंगेऱ्यांची खूण. दक्षिण अमेरिकेतले हे कीटक १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला तपासणीसाठी बंगळुरूला आणले गेले आणि तिथल्या तलावांत त्यांनी काही वर्षांत जलपर्णी बरीच आटोक्यात आणली. मैलापाण्यावर पोसलेल्या तलावात झाडांची वाढ भुंगेऱ्यांच्या खाण्याला मागे टाकते, म्हणून तिथे त्यांच्यावर भिस्त ठेवता येत नाही. तरी वीस पानं घेऊन प्रत्येकावरचे ओरखडे मोजावेत आणि आकडा अहवालात द्यावा. सगळी जलपर्णी एकदम काढली तर भुंगेरेही डंपरमध्ये जातात.

पाण्यात उतरू नये. गाळ किती खोल आहे ते वरून कळत नाही. होडीत जीवरक्षक जाकीट, काठावर गमबूट, आणि पायाला जखम असेल तर त्या दिवशी घरीच, कारण सांडपाण्याच्या काठावर लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या तापाचा) धोका असतो. पवईत मगरी आहेत. फेरी संपली की दाताळं, दोरी, जाळी आणि बुटांचे तळवे झटकून, धुऊन कडकडीत उन्हात पाचेक दिवस वाळू द्यावेत. त्याआधी दुसऱ्या तलावावर जायचं असेल तर दाताळ्याचा दुसरा संच न्यावा.