ब्लॉब ॲनिमेशन

ब्लॉब ॲनिमेशन : द्रवाच्या थेंबांसारखे आकार एकमेकांकडे ओढले जातात, मिसळतात, ताणले जाऊन पुन्हा सुटे होतात, असा आभास संगणकावर निर्माण करण्याची रीत. लोगोचे अनावरण, ॲपमधील लोडिंगची खूण आणि खाद्यपेयांच्या जाहिराती यांत ती सर्रास दिसते.

तिचा गणिती पाया अमेरिकी संगणकतज्ज्ञ जिम ब्लिन यांनी 1982 मध्ये मांडला. प्रत्येक गोळ्याभोवती अंतरानुसार विरत जाणारे क्षेत्र कल्पायचे, सर्व क्षेत्रांची बेरीज करायची आणि ती ठरावीक मूल्य गाठते तेथे पृष्ठभाग काढायचा. दोन गोळे जवळ आले की मधल्या जागेतील बेरीज ते मूल्य गाठते आणि पूल बांधला जातो. अशा गोळ्यांना मेटाबॉल म्हणतात. ब्लेंडर या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ते तयार मिळतात.

1993 मध्ये आलेल्या आफ्टर इफेक्ट्स या ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये हेच काम सपाट चित्रावर साधता येते. नागपुरात सरावासाठी संत्र्याच्या रसाइतका जवळचा विषय दुसरा नाही. शेप लेअरवर (आकार काढण्याच्या थरावर) वर्तुळे काढून त्यांना गती द्यावी. वर ॲडजस्टमेंट लेअर (खालच्या सर्व थरांवर परिणाम करणारा थर) ठेवून त्यावर आधी गॉशियन ब्लर हा धूसर करणारा इफेक्ट आणि मग सिंपल चोकर हा कडा आवळणारा इफेक्ट लावावा. ब्लरमुळे कडा विरघळून एकमेकींत मिसळतात. चोकर ठरावीक पारदर्शकतेपाशी त्या पुन्हा कापतो. क्रम उलटला तर नुसता धूसर डाग उरतो. प्रोजेक्टची रंगखोली 8 बिटवर असल्यास कडांना पायऱ्या पडू शकतात, म्हणून 16 बिट निवडणे चांगले. कडेची थरथर टर्ब्युलंट डिस्प्लेस या आकार वेडावाकडा करणाऱ्या इफेक्टने येते. तुकडा अखंड फिरता हवा असेल तर त्यातील सायकल इव्होल्यूशन चालू करून इव्होल्यूशनला, म्हणजे थरथर काळानुसार बदलणाऱ्या मूल्याला, पूर्ण एक फेरा द्यावा. सेकंदाला 25 फ्रेम धरल्यास चार सेकंदांच्या 100 फ्रेम होतात. 0 क्रमांकाच्या फ्रेमवर आरंभाची आणि 100 वर फेरा संपल्याची की-फ्रेम (त्या क्षणाचे मूल्य नोंदवणारी खूण) ठेवून 0 ते 99 एवढ्याच फ्रेम रेंडर कराव्यात, नाहीतर पहिली फ्रेम दोनदा येऊन झटका बसतो.

एवढ्याने थेंब मिसळतात, पण रस वाटत नाहीत. खरी कसोटी थेंब ताणताना त्याचे क्षेत्रफळ कायम राखण्याची आहे. लांबी 120 टक्के झाली तर रुंदी सुमारे 83 टक्क्यांवर यायला हवी. तसे न केल्यास थेंब फुगल्यासारखा दिसतो. वेळेचेही तसेच. पृष्ठताण द्रवाचे पृष्ठफळ कमीत कमी करू पाहतो, त्यामुळे खरे थेंब टेकताच त्यांच्यातील मान झपाट्याने रुंदावते आणि नंतर तो वेग मंदावतो. की-फ्रेम समान अंतरावर सोडून दिल्या तर हे घडत नाही. ग्राफ एडिटरमध्ये वेगाचा वक्र हाताने घडवावा लागतो आणि नवशिक्याने बहुतांश वेळ तेथेच द्यावा. नागपूरच्या कळमना बाजारात संत्री आली की एक फळ काचेच्या ताटलीवर पिळून, मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये थेंब टिपून, ते चित्रीकरण शेजारी ठेवून वक्र जुळवावा. साठवलेल्या प्रीसेटपेक्षा (तयार मांडणीपेक्षा) हा सराव कितीतरी उपयोगी पडतो. रंग शेवटी, फिल किंवा ग्रेडियंट रॅम्प या इफेक्टने द्यावा. आधी दिलेले वेगवेगळे रंग ब्लरमध्ये मिसळून मळकट होतात.