पित्त घशाशी, झीज दाताशी

सांगलीला माझी मावशी असते, तिला गार पाणी प्यायलं की दातातून कळ जायची. कीड असेल म्हणून सगळे सेन्सिटिव्ह पेस्ट आणून देत होते, पण कीड नव्हतीच. मोबाईलची बॅटरी लावून वरच्या पुढच्या दातांची मागची बाजू बघितली तर गुळगुळीत, पिवळट, कडा कागदासारख्या पातळ आणि दाढेतलं जुनं सिमेंट आजूबाजूच्या दातापेक्षा वर आलेलं, पावसानं माती वाहून गेल्यावर दगड उघडा पडतो ना तसं.

हे काम पित्ताचं. आपण पित्त म्हणतो खरं, पण घशाशी जे आंबट येतं ते बहुतेक वेळा पोटातलं ॲसिड असतं. दातावरचं एनॅमल म्हणजे शरीरातली सगळ्यात टणक गोष्ट, पण तोंडातला पीएच, म्हणजे आम्लता मोजायचा आकडा, साधारण ५.५ च्या खाली गेला की तेही विरघळायला लागतं, आणि पोटातल्या ॲसिडचा पीएच असतो १ ते २! पीएचचा एक आकडा उतरला की आम्लता दहापट वाढते, म्हणजे हिशोब हजारो पटींचा झाला. कैरी खाऊन दात आंबतात ते आपल्याला लगेच कळतं, हे मात्र रात्री झोपेत होतं. झोपेत लाळ कमी सुटते, गिळणंही कमी होतं, त्यामुळे ॲसिड धुऊन जात नाही. खालच्या पुढच्या दातांना जिभेचा आडोसा मिळतो, म्हणून मार वरच्यांना जास्त. आणि एकदा गेलेलं एनॅमल परत येत नाही, कारण त्यात जिवंत पेशीच नसतात.

मला सगळ्यात वाईट वाटतं ते पुढचंच. तोंड आंबट झालं म्हणून मावशी उठल्या उठल्या खसाखसा मिश्री लावायची. ॲसिडनं मऊ पडलेला थर घासला की निघूनच जातो, ब्रशनं घासलं तरी तेच. वर मिश्री म्हणजे तंबाखू, तिनं अन्ननलिकेच्या तोंडाची झडप सैल पडते आणि पित्त अजून वर येतं. त्यापेक्षा आधी साध्या पाण्यानं किंवा कपभर पाण्यात अर्धा चमचा खायचा सोडा टाकून चूळ भरा, अर्धा-पाऊण तास थांबा, मग मऊ ब्रश आणि फ्लोराइडची पेस्ट. रात्री जेवून लगेच आडवं होऊ नका, दोन-तीन तास जाऊ द्या, पलंगाची उशाकडची बाजू विटा लावून थोडी उंच करा, डाव्या कुशीवर झोपा.

जळजळ होत नाही म्हणून पित्त नाही असं समजू नका, काहींना छातीत काहीच जाणवत नाही आणि पहिली खूण दातांवरच दिसते. मावशी गेल्या महिन्यात पहिल्यांदा पोटाच्या डॉक्टरकडे गेली, तीही दातांच्या डॉक्टरनं चिठ्ठी दिली म्हणून.