२००६ सालचा तो हप्ता रणगाड्यांचा नव्हता

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने दिलेल्या रणगाड्यांचे आणि विमानांचे पैसे ब्रिटन २००६ पर्यंत फेडत होता, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. शेवटचा हप्ता त्या डिसेंबरात गेला, हे खरंच आहे. पण तो कशाचा?

मार्च १९४१ च्या अमेरिकेच्या लेंड-लीज कायद्याखाली मित्रराष्ट्रांना सुमारे ५० अब्ज डॉलरचा माल मिळाला. त्यातला निम्म्याहून जास्त ब्रिटिश साम्राज्याला. नावात 'उसनं' आणि 'भाडं' असलं, तरी लढाईत जळालेल्या, बुडालेल्या वस्तूंचं बिल लावलं गेलं नाही. (फुटलेला तोफगोळा परत करणार तरी कसा?) उलट ब्रिटननेही अमेरिकी सैन्याला तळ, अन्न, सेवा पुरवल्या, ही बाजू सहसा कुणी सांगत नाही.

कर्ज झालं ते नंतर. ऑगस्ट १९४५ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी मदत तडकाफडकी थांबवली, तेव्हा ब्रिटनची तिजोरी कोरडी होती. मग अमेरिकेकडूनच २ टक्के व्याजाने ३.७५ अब्ज डॉलरचं नवं कर्ज मिळालं, शांतताकाळातल्या गरजांसाठी. त्याच अटींवर साठेक कोटी डॉलर जोडले गेले, ते युद्धानंतर उरलेल्या आणि वाटेत असलेल्या मालाचे. तोही मोठ्या सवलतीत. २००६ मध्ये फिटलं ते हे.