गेट लॉजच्या खिडक्या बदलण्याआधी: लिस्टेड बिल्डिंग कन्सेंटचा अर्ज कुठे अडतो

आपल्या वाड्यांना देवडी असते, तसं इंग्लंडमधल्या जुन्या इस्टेटींच्या फाटकाशी गेट लॉज असतं. फाटक उघडणारा माणूस बायकोपोरांसह तिथेच राहायचा. पहिल्या महायुद्धानंतर बऱ्याच इस्टेटी तुकड्यातुकड्यांनी विकल्या गेल्या आणि ही टुमदार घरं खासगी हातांत आली. आता आपली मंडळीही ती घेतात, पहिल्याच हिवाळ्यात कुडकुडतात आणि डबल ग्लेझिंगवाल्याला, म्हणजे दुहेरी काचेच्या खिडक्या बसवणाऱ्याला, फोन लावतात. तो फोन आधी खाली ठेवा.

लॉज लिस्टेड, म्हणजे संरक्षित जुन्या इमारतींच्या सरकारी यादीत, आहे का, हे त्या यादीवर, नॅशनल हेरिटेज लिस्टवर, फुकट पाहता येतं. असेल, तर त्याचं रूप बदलणाऱ्या कामाला लिस्टेड बिल्डिंग कन्सेंट, म्हणजे खास परवानगी, लागते. विनापरवाना काम हा १९९० च्या कायद्यानुसार गुन्हा आहे. यादीत इमारतींना ग्रेड, म्हणजे दर्जा, असतो; ‘ग्रेड टू म्हणजे फक्त बाहेरची बाजू’ हे ज्याने पसरवलं त्याला शोधतोय मी! ग्रेड कुठलीही असो, आतला जिनासुद्धा त्यात येतो, नोंदीत त्याचा उल्लेख असो वा नसो. आवारात १ जुलै १९४८ च्या आधीपासून उभी असलेली भिंतही बहुधा येतेच.

अर्ज प्लॅनिंग पोर्टल या वेबसाइटवरून स्थानिक कौन्सिलकडे जातो. फी नाही. वाढीव बांधकाम असेल तर प्लॅनिंग परमिशन वेगळी, आणि तिची फी भरावी लागते.

पहिली ठेच लागते मालकीच्या सर्टिफिकेटला. बहुतेक जण डोळे मिटून ‘ए’वर टिक करतात. ‘ए’ म्हणजे अर्जाच्या २१ दिवस आधी कामाच्या जागेचा कुठलाही भाग दुसऱ्या कुणाच्या मालकीचा नव्हता. ओळखीतल्या एका जोडप्याला लॉजबरोबर फाटकाचा खांबही दुरुस्त करायचा होता. खांब त्यांच्या भिंतीला अगदी चिकटून, पण टायटल प्लॅनवरची, म्हणजे मालकीच्या नकाशावरची, लाल रेघ त्याच्या अलीकडूनच वळलेली. खांब अजून जुन्या इस्टेटीकडेच होता. अर्ज परत आला. अशा वेळी ‘बी’ भरायचं आणि त्या मालकाला आधी रीतसर नोटीस द्यायची. फक्त नोटीस, अर्ज करायला त्याची संमती लागत नाही. सात वर्षं किंवा जास्त मुदत उरलेला लीजधारकही इथे मालकच धरला जातो. मालक सापडतच नसेल तर ‘सी’ किंवा ‘डी’, आणि वर्तमानपत्रात जाहिरात.

दुसरी ठेच हेरिटेज स्टेटमेंटला, म्हणजे इमारतीचं महत्त्व आणि कामाचा त्यावरचा परिणाम सांगणाऱ्या टिपणाला. लिस्टमधली नोंद चिकटवायची आणि खाली ‘कोणतीही हानी होणार नाही’ लिहायचं, याला स्टेटमेंट म्हणत नाहीत. मूळचं काय, नंतरचं काय, तुमचं काम त्यातल्या कशाला हात लावतं आणि का, हे हवं. काउंटीचं हिस्टॉरिक एन्व्हायर्नमेंट रेकॉर्ड, म्हणजे तिथल्या जुन्या वास्तूंची नोंदवही, पाहिलंच पाहिजे. जुने ऑर्डनन्स सर्व्हे (सरकारी मोजणीचे) नकाशे स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या साइटवर फुकट आहेत, इंग्लंडचेसुद्धा. त्यावर बघा, पलीकडे जोडीचं लॉज होतं का. लंडनमधल्या ब्रेंटफर्डजवळच्या सायन पार्कच्या फाटकात अठराव्या शतकातला वास्तुविशारद रॉबर्ट ॲडमने दोन्ही बाजूंची लॉज खांबांच्या रांगेने मधल्या कमानीला जोडली आहेत. अशा जोडीतल्या एकाच्याच खिडक्या बदलल्या की काय होईल, ते कौन्सिलच्या अधिकाऱ्याला लगेच दिसतं.

खिडकीचं चित्र १:५० वर पाठवू नका, १:५ वर छेद काढून घ्या. जुन्या सॅशमधल्या, म्हणजे वर-खाली सरकणाऱ्या खिडकीतल्या, काचांमधली लाकडी पट्टी जेमतेम बोटभर रुंद असते. दुहेरी काच पेलायला ती जाड करावी लागते, आणि बरेचसे नकार त्या जाडीपायी येतात. आतून दुसरी काचेची चौकट बसवणं बहुधा सोपं पडतं. तरी कौन्सिलच्या कॉन्झर्वेशन ऑफिसरला, म्हणजे जुन्या वास्तू पाहणाऱ्या अधिकाऱ्याला, आधी विचारा. नुसता फोन नको, लेखी.

निर्णयाला कौन्सिलला आठ आठवडे असतात, पण त्यांचं गणित तर नेहमी चुकतं. ते मोजायचे कौन्सिलने अर्ज पूर्ण असल्याचं मान्य केल्यापासून, तुम्ही बटण दाबल्यापासून नव्हे. आठ आठवडे उलटले आणि उत्तर नाही, म्हणजे परवानगी मिळाली असंही नाही; तेव्हा फक्त अपिलाचा हक्क मिळतो. आणि मिळालेली कन्सेंट साधारण तीन वर्षांची असते: तेवढ्यात काम सुरू व्हायला हवं.

अजून घर घेतलेलं नसेल तर सॉलिसिटरला एक प्रश्न जरूर विचारा: या प्लॅस्टिकच्या खिडक्यांचा कन्सेंट-कागद कुठे आहे? विनापरवाना कामावर नोटीस काढायला इथे कालमर्यादा नाही, आणि आधीच्या मालकाने केलेलं असलं तरी ती नोटीस आजच्या मालकाच्या दारात येते.