पायरीनिहाय गुणदान (गणित)

गणिताच्या लेखी परीक्षेत एका प्रश्नाचे गुण उकलीतल्या टप्प्यांवर वाटून देण्याची पद्धत. माध्यमिक शाळेच्या पातळीवर मोठ्या उत्तरांच्या प्रश्नांसाठी ती सर्रास वापरली जाते. अंतिम उत्तर चुकले तरी त्याआधीच्या योग्य विचाराचे गुण हाती राहतात. उत्तर बरोबर आले पण ते कसे आले हे कागदावर नसेल, तर काही गुण जाऊ शकतात. परीक्षकाला विद्यार्थ्याचे डोके दिसत नाही, फक्त लिहिलेल्या ओळी दिसतात. म्हणून चांगली उकल म्हणजे दुसऱ्या कुणालातरी पटेल असे लिखाण, आणि चांगली तपासणी म्हणजे ते लिखाण समजून घेऊन वाचणे.

एक साधे उदाहरण घेऊ. आयताची लांबी रुंदीपेक्षा ७ मीटरने जास्त आहे, क्षेत्रफळ ६० चौरस मीटर आहे. लांबी व रुंदी काढा. गुण ४. रुंदी क्ष मानली की क्ष(क्ष + ७) = ६०, म्हणजे क्ष² + ७क्ष − ६० = ० हे समीकरण मिळते. अवयव (क्ष + १२)(क्ष − ५), मुळे −१२ आणि ५. रुंदी ऋण असू शकत नाही, म्हणून रुंदी ५ मीटर, लांबी १२ मीटर. इथे समीकरण मांडण्याला १, ते सोडवण्याच्या रीतीला १, अचूक मुळांना १ आणि ऋण मूळ कारणासह सोडून एककासह उत्तर लिहिण्याला १ अशी वाटणी करता येते.

आता एखाद्याने चिन्हांची गफलत केली आणि अवयव (क्ष − १२)(क्ष + ५) असे लिहिले. मुळे १२ आणि −५ आली, −५ सोडले, रुंदी १२ मीटर व लांबी १९ मीटर लिहिली. समीकरणाचा गुण त्याचाच. अवयव पाडण्याची रीत वापरली आहे, तोही गुण बहुतेक परीक्षक देतील. मुळांचा गुण गेला. शेवटच्या गुणाचे काय? स्वतःच्या चुकीच्या मुळांवरून पुढची पायरी त्याने योग्यच चालवली आहे, म्हणून अनेक गुणदान योजनांत, म्हणजे कोणत्या पायरीला किती गुण हे आधी लिहून ठेवलेल्या सूचनांत, तो गुण दिला जातो. याला चूक पुढे नेऊन गुण देणे म्हणता येईल. एका चुकीची शिक्षा एकदाच व्हावी, हे यामागचे तत्त्व. माझ्या मते गुणदानातला हा सर्वांत न्याय्य नियम आहे. हाच विद्यार्थी १२ × १९ = २२८ एवढा पडताळा घेता, तर चूक त्याला तिथेच सापडली असती.

या सवलतीला मर्यादा आहेत. चुकीमुळे पुढचा प्रश्न मुळातल्यापेक्षा सोपा झाला, उदाहरणार्थ वर्गसमीकरणाऐवजी साधे एकघाती समीकरण उरले, तर पुढचे सगळे गुण देता येत नाहीत. संभाव्यता १ पेक्षा जास्त किंवा त्रिकोणाची बाजू ऋण असे अशक्य उत्तर आले आणि विद्यार्थ्याने ते तसेच ठेवले, तरीही सवलत थांबते.

ब्रिटिश परीक्षा मंडळांच्या गुणदान योजनांत ही वाटणी नावानिशी केलेली असते. रीतीचे गुण वेगळे, अचूकतेचे वेगळे, आणि रीतीवर अवलंबून नसलेले स्वतंत्र गुण वेगळे. रीतीचा गुण मिळाल्याशिवाय त्याला जोडलेला अचूकतेचा गुण सहसा मिळत नाही. चुकीच्या वाटेने योगायोगाने आलेल्या बरोबर उत्तराला त्यामुळे आळा बसतो.

नुसते उत्तर लिहिणाऱ्याचा प्रश्न अधिक अवघड आहे. वरच्या आयताला कुणी थेट ‘५ आणि १२’ लिहिले, तर? आकडे लहान आहेत, अंदाजाने सापडू शकतात. पण त्याने ५ × १२ = ६० आणि १२ − ५ = ७ असे दाखवले, तर दोन्ही अटी पुऱ्या होतात. दुसरे उत्तर नाही हे सांगणे तेवढे उरते. आणि रुंदी वाढली की क्षेत्रफळ वाढतेच, एवढ्या एका वाक्यात तेही होते. असे उत्तर खरे तर पूर्ण गणित आहे. प्रश्नात ‘समीकरण मांडून सोडवा’ असे म्हटले नसेल, तर त्याला पूर्ण गुण द्यायला हवेत. तपासनीसाच्या ओळखीची रीत नाही म्हणून गुण कापणे हा अन्याय आहे. ‘सिद्ध करा’ किंवा ‘दाखवा’ या प्रश्नांत मात्र उत्तर आधीच दिलेले असते, तेव्हा गुण केवळ पायऱ्यांना असतात. तिथे जे सिद्ध करायचे तेच गृहीत धरून सुरुवात केली, तर पान भरूनही हाती फारसे लागत नाही.

काही चुका पुन्हा पुन्हा दिसतात. क्ष² = ५क्ष याला दोन्ही बाजूंनी क्ष ने भागले की ० हे मूळ हरवते. उलट √(क्ष + ६) = क्ष याचा वर्ग केला की ३ आणि −२ मिळतात, पण −२ मूळ समीकरणात बसत नाही, कारण वर्गमुळाची किंमत २ येते. वर्ग करणे चूक नाही, पडताळा न घेणे चूक आहे. बरोबरच्या चिन्हाची हेळसांड तर सार्वत्रिक: ३ × ४ = १२ + ५ = १७ असे लिहिणाऱ्याला काय म्हणायचे आहे ते कळते, पण लिहिलेले विधान असत्य आहे. बऱ्याच योजना याला गुण कापत नाहीत. बीजगणितात हीच सवय समीकरणे बिघडवते, म्हणून वर्गातल्या चाचणीत शिक्षकाने तिथे खूण करायलाच हवी. ७ सेंटिमीटर त्रिज्येच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ पायची किंमत २२/७ घेऊन १५४ येते आणि ३.१४ घेऊन १५३.८६ चौरस सेंटिमीटर. प्रश्नात किंमत दिली नसेल तर दोन्ही मान्य व्हावीत, आणि योजनेत तसे आधीच लिहिलेले असावे.

आधी लिहिलेली योजना नसेल तर काय होते, हे डॅनियल स्टार्च आणि एडवर्ड एलियट या अमेरिकी संशोधकांनी १९१३ साली दाखवून दिले. भूमितीची एकच उत्तरपत्रिका त्यांनी अनेक शाळांतल्या गणित शिक्षकांकडून तपासून घेतली. शंभरहून अधिक शिक्षकांनी दिलेले गुण शंभरपैकी तिसाच्या खालपासून नव्वदच्या वरपर्यंत पसरले होते. गणितात तरी मतभेदाला जागा नसते, हा समज त्याने खोडून काढला. कोणती चूक मोठी, कोणती किरकोळ, मांडणीला किती महत्त्व, याबद्दल प्रत्येकाचे माप निराळे होते.

आज मोठ्या परीक्षांत तपासणीपूर्वी परीक्षक काही नमुना उत्तरपत्रिका तपासून आपापले गुण ताडून पाहतात, आणि अनपेक्षित पण योग्य रीत आढळली की योजनेत तिची भर घालतात. संपूर्ण उत्तरपत्रिका एकाने तपासण्याऐवजी एकेक प्रश्न सगळ्या पत्रिकांत तपासला, तर पहिल्या उत्तरावरून झालेले बरेवाईट मत पुढच्या उत्तराला चिकटत नाही. पडद्यावरच्या तपासणीत गुण आधीच ठरलेल्या काही पत्रिका परीक्षकाच्या नकळत मध्ये सोडल्या जातात. त्यांचे गुण फार वेगळे पडू लागले, तर त्या परीक्षकाचे काम थांबवून त्याने तपासलेल्या पत्रिका पुन्हा दुसऱ्याकडे देता येतात.