एसी सेट की एसी-डीसी सेट? जुन्या व्हॉल्व्ह रेडिओला प्लग लावण्याआधी

जुन्या बाजारातून किंवा गावच्या घराच्या माळ्यावरून व्हॉल्व्हचा (ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काळातल्या काचेच्या नळ्यांचा) रेडिओ हाती लागला, की सगळ्यांना एकच घाई होते: प्लग लावून बघू या, वाजतो का. त्याच्या आधी एक गोष्ट ठरवायला लागते. समोरचा सेट निव्वळ एसीचा, म्हणजे दिशा सतत बदलणाऱ्या करंटवर चालणारा, आहे की एसी-डीसी, म्हणजे त्यावरही आणि एकाच दिशेच्या करंटवरही चालणारा? बाहेरून काही कळत नाही. तीच लाकडी किंवा बॅकेलाइटची पेटी, तीच काचेची डायल, पुढे जाळीदार कापड, मागे भोकं पाडलेला पुठ्ठा. कित्येकदा कंपन्या एकच पेटी दोन्ही प्रकारांत विकत. युद्धानंतरच्या फिलिप्स सेटांत मॉडेल क्रमांकाचं शेवटचं अक्षर हा भेद सांगतं: ए असेल तर फक्त एसी, यू असेल तर एसी-डीसी आणि बी असेल तर बॅटरीवरचा. मागचा पुठ्ठा जागेवर असला तर हे छापलेलं सापडतं. पण पुठ्ठा हरवलेलाच असतो, हा माझा अनुभव.

एसी-डीसी प्रकार निघाला त्याला कारण होतं. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अनेक शहरांत घरगुती वीज डीसी होती. कोलकात्याच्या जुन्या भागांत ती कितीतरी दशकं टिकली, आणि न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमधला डीसी पुरवठा तर २००७ मध्ये बंद झाला. ट्रान्सफॉर्मर डीसीवर चालत नाही. एसी सेट डीसीच्या प्लगला लावला तर त्याचं प्रायमरी, म्हणजे प्लगकडचं, वाइंडिंग जळून जातं. म्हणून ट्रान्सफॉर्मरच काढून टाकलेला सेट बनवला गेला. त्यात लोखंड आणि तांबं वाचतं, पेटी हलकी होते, किंमत उतरते. हे लक्षात आल्यावर जिथे डीसी कधीच नव्हती तिथेही असे सेट खपू लागले. अमेरिकेतल्या स्वयंपाकघरांतले पाच व्हॉल्व्हचे छोटे रेडिओ जवळजवळ सगळे याच जातीचे.

आता आतली रचना बघू. एसी सेटमध्ये मेनचा, म्हणजे भिंतीतल्या विजेचा, ट्रान्सफॉर्मर दोन कामं करतो. एका वाइंडिंगमधून सगळ्या व्हॉल्व्हच्या हीटरला (व्हॉल्व्ह तापवणाऱ्या आतल्या तारेला) ६.३ व्होल्ट समांतर मिळतात. दुसऱ्यातून, साधारण २५०-०-२५० व्होल्टच्या वाइंडिंगमधून, ईझेड ८० सारखा रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा व्हॉल्व्ह) एच.टी., म्हणजे बाकीच्या व्हॉल्व्हना लागणारं उच्च डीसी व्होल्टेज, बनवतो. या दोन्ही वाइंडिंगचा घराच्या वायरिंगशी तांब्याचा संबंध नसतो, मधे फक्त चुंबकीय क्षेत्र असतं. त्यामुळे चासी, म्हणजे ज्या पत्र्यावर सगळं सर्किट बसवलेलं असतं तो सांगाडा, मोकळी राहते. तिला अर्थिंग करता येतं, करावंच.

एसी-डीसी सेटमध्ये सगळे हीटर दिवाळीच्या माळेतल्या दिव्यांसारखे एकामागून एक जोडलेले असतात. युरोपियन यू मालिकेत प्रत्येक व्हॉल्व्हमधून १०० मिलिअँपिअर करंट जातो, व्होल्टेज मात्र प्रत्येकाचं वेगळं. यूसीएच ४२ ला १४, दोन यूएएफ ४२ ना प्रत्येकी १२.६, यूएल ४१ ला ४५ आणि रेक्टिफायर यूवाय ४१ ला ३१. बेरीज ११५.२ व्होल्ट. मेनमधले २३० वजा हे ११५, म्हणजे उरलेले ११५ व्होल्ट एका जाड, चिनी मातीच्या नळीवर गुंडाळलेल्या रेझिस्टरवर जिरवायचे. त्याला ड्रॉपर म्हणतात. हिशोब सोपा आहे: ११५ भागिले ०.१, म्हणजे ११५० ओहम, आणि त्यात साडेअकरा वॅट उष्णता. पेटीचा वरचा लाकडी भाग त्या जागी काळवंडलेला दिसतो तो यामुळेच. एच.टी. मेनमधूनच, थेट रेक्टिफाय करून. आणि या सगळ्या सर्किटचं परतीचं टोक म्हणजे चासी. मेनच्या दोन तारांपैकी एक सरळ पत्र्याला जोडलेली!

खरा धोका इथे आहे. जुना दोन पिनांचा प्लग कसाही बसतो. नशिबानं न्यूट्रल चासीवर आलं तर रेडिओ गरीब गाईसारखा वागतो, उलटा बसला तर सगळ्या पत्र्यावर फेज. आवाज दोन्ही वेळा सारखाच, म्हणून वाजतोय म्हणजे ठीक आहे असं धरता येत नाही. बरं, स्विच बंद असला तरी सुटका नाही. स्विच एकाच तारेत असेल आणि तीच तार चासीकडे जाणारी असेल, तर बंद अवस्थेतही दुसऱ्या तारेतला फेज हीटरच्या साखळीतून पत्र्यापर्यंत येतो. बनवणाऱ्यांना हे ठाऊक होतं. म्हणून नॉबचे स्क्रू खोल बसवून वरून मेण भरलेलं असे, आणि एरियल नि अर्थच्या सॉकेटला आतून कंडेन्सर लावलेले असत. सत्तर वर्षांत मेण गळून गेलेलं असतं आणि ते कंडेन्सर लीक झालेले असतात.

डीसीवरची एक गंमत जाता जाता सांगतो. डीसी मेनवर प्लग उलटा बसला तर व्हॉल्व्ह पेटत पण सेट मुका राहत असे, कारण रेक्टिफायरमधून करंट जातच नसे. प्लग फिरवून लावला की गाणं सुरू.

ओळखायचं कसं

ट्रान्सफॉर्मर दिसला म्हणजे एसी सेट, असं अनेक मेकॅनिकही धरून चालतात. चूक आहे. एसी-डीसी सेटमध्येही स्पीकरला जोडणारा आउटपुट ट्रान्सफॉर्मर असतो, कधी चोकही (एच.टी. गाळणारी कॉइल) असतो, आणि दोन्ही लोखंडी पट्ट्यांचेच. शिवाय काही सेटांत ऑटोट्रान्सफॉर्मर बसवलेला असतो. तो दिसतो भला मोठा, पण त्यात एकच वाइंडिंग असतं आणि चासी मेनपासून मुळीच अलग होत नाही.

व्हॉल्व्हचे क्रमांक जास्त भरवशाचे. युरोपियन पद्धतीत पहिलं अक्षर हीटरचं असतं: ई म्हणजे ६.३ व्होल्ट, यू म्हणजे १०० मिलिअँपिअरची साखळी, डी म्हणजे बॅटरीचे, दीड व्होल्टाच्या आतले. अमेरिकन क्रमांकात पहिला आकडा म्हणजे हीटरचे अंदाजे व्होल्ट. १२बीई६, १२बीए६, ५०सी५, ३५डब्ल्यू४ अशी रांग दिसली की एसी-डीसी सेट समजा. पण कुणी मधल्या काळात भलताच व्हॉल्व्ह कोंबलेला असू शकतो, तेव्हा शेवटचा निकाल मल्टिमीटरवर. प्लग भिंतीपासून लांब ठेवून सेटचा स्विच चालू करा आणि प्लगच्या प्रत्येक पिनेपासून चासीपर्यंतचा रेझिस्टन्स मोजा. चांगल्या एसी सेटमध्ये दोन्हीकडून मीटर काहीच दाखवणार नाही. एसी-डीसीमध्ये एका पिनेकडून जवळजवळ शून्य. मधलाच काही आकडा आला तर मेनकडून चासीला गेलेला एखादा कंडेन्सर लीक आहे किंवा सर्किट वेगळ्या धाटणीचं आहे. अशा वेळी तो एसी-डीसीच समजून वागावं.

बिघाडही दोघांचे वेगळे दिसतात. एसी सेटमध्ये एका व्हॉल्व्हचा हीटर गेला तर तेवढाच विझतो. एसी-डीसीत एक गेला की सगळे काळे, आणि मग प्रत्येकाचा हीटर मीटरनं तपासत बसायचं. फिल्टर कंडेन्सर सुकले की दोन्ही सेट घुमतात, पण एसी सेटचा घूं आवाज १०० हर्ट्झचा असतो, कारण तिथे दोन्ही अर्ध्या लाटा वापरल्या जातात. एसी-डीसी एकच अर्धी लाट घेतो, म्हणून त्याचा आवाज ५० हर्ट्झचा, खर्जातला. सवय झालेल्या कानाला हा फरक पेटी न उघडता कळतो.

व्हॉल्व्ह बदलताना मात्र बरेच जण फसतात. ईसीएच ८१ आणि यूसीएच ८१ यांच्या पिना तशाच, आतली रचना तीच. दुकानदार सांगतो, "चालून जाईल". नाही चालत. ईसीएच ८१ ला ०.३ अँपिअर लागतात. १०० मिलिअँपिअरच्या साखळीत त्याच्या वाट्याला दोनेक व्होल्ट येतील आणि तो थंडच राहील. उलट यूसीएच ८१ ला हवेत १९ व्होल्ट, त्याला ६.३ मध्ये ऊब पण येणार नाही.

पॉवर सप्लाय बदलायचा म्हणजे काय

एसी सेटमध्ये फारसं काही बदलायचं नसतं. मागे आपल्या मेनचं व्होल्टेज निवडायची टॅपिंग असते, फिलिप्सवर ११०, १२५, १४५, २००, २२०, २४५ अशी. आपल्याकडे आज कागदावर २३० असले तरी मीटर बऱ्याचदा २४० दाखवतो, म्हणून मी डोळे मिटून २४५ वर ठेवतो. कोणीतरी ११० वर ठेवून गेलेला सेट तसाच प्लगला लावला तर ट्रान्सफॉर्मर गेला म्हणून समजा, आणि रिवाइंडिंगला पाठवायची वेळ येते. मेनची वायर तीनपदरी घाला, अर्थ चासीला, फ्यूज फेजमध्ये. रेक्टिफायर गेला म्हणून त्याजागी सिलिकॉन डायोड टाकायचा मोह होतो. डायोडवर व्होल्टेजची घट फार कमी, त्यामुळे एच.टी. चढतो, शिवाय बाकीचे व्हॉल्व्ह तापायच्या आत तो कंडेन्सरवर येऊन बसतो. टाकायचाच तर पुढे योग्य वॅटेजचा रेझिस्टर हवा. आणि ईझेड ८० जागेवर ठेवणार असाल तर पहिला फिल्टर कंडेन्सर ५० मायक्रोफॅरडच्या वर नेऊ नका. आज दुकानात १०० आणि २२० सहज मिळतात म्हणून ते लावायचे नसतात.

आता एसी-डीसी. इथे सगळ्यात घातक सुधारणा म्हणजे सद्हेतूनं केलेली. तीन पिनांचा प्लग लावून हिरवी तार चासीला जोडणं. एसी सेटमध्ये जे सुरक्षिततेचं, तेच इथे फेज आणि अर्थ यांचा सरळ शॉर्ट ठरू शकतं. प्लगची दिशा बरोबर आली तरी न्यूट्रल आणि अर्थ एक झाले, म्हणजे आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) असलेल्या घरात तो पडलाच. दुसरा घोटाळा मोबाइलचा. गाणी ऐकायची म्हणून ग्रामोफोनच्या सॉकेटमध्ये मोबाइलची वायर घालतात. एसी-डीसी सेटमध्ये त्या सॉकेटचं एक टोक पत्र्याशी, म्हणजे मेनशी, जोडलेलं असू शकतं. मोबाइल मग हातात धरायच्या लायकीचा राहत नाही.

माझं मत असं, की एसी-डीसी सेटच्या आतला सप्लाय बदलण्याच्या भानगडीत पडूच नये. ६.३ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर आणि ई मालिकेचे व्हॉल्व्ह बसवून त्याचा एसी सेट करणारे लोक आहेत. होतो, पण मूळ सेट उरत नाही. त्यापेक्षा पेटीबाहेर २३० ला २३० चा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर ठेवा. सेट चाळीस-पन्नास वॅट घेतो, १०० व्हीएचा ट्रान्सफॉर्मर पुरतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत ऑर्डर देऊन बांधून घेता येतो. घेताना एकच गोष्ट पाहा: प्रायमरी आणि सेकंडरी यांच्यात मीटरवर काही रेझिस्टन्स दिसता कामा नये. दिसला तर तो ऑटोट्रान्सफॉर्मर आहे, आणि त्यानं व्होल्टेज बदलतं, सुरक्षितता मिळत नाही. व्हेरिअॅकची (व्होल्टेज कमी-जास्त करायच्या ऑटोट्रान्सफॉर्मरची) गोष्टही तीच. सेकंडरीचं कुठलंही टोक अर्थला जोडू नका, नाहीतर आयसोलेशन संपलं. आणि त्या ट्रान्सफॉर्मरवर एका वेळी एकच सेट.

ड्रॉपर जळालेला असतो आणि तसा मिळत नाही. त्याजागी कंडेन्सर लावायची युक्ती चांगली आहे, कारण कंडेन्सर तापत नाही. फक्त इथे साधी वजाबाकी चालत नाही, व्होल्टेज काटकोनात मिळतात. २३० चा वर्ग वजा ११५ चा वर्ग, त्याचं वर्गमूळ १९९ व्होल्ट. १०० मिलिअँपिअरला म्हणजे साधारण १९९० ओहम, आणि ५० हर्ट्झला त्याचा अर्थ १.६ मायक्रोफॅरड. एक्स-२ वर्गाचा (थेट मेनवर लावण्यासाठी बनवलेला) किंवा मोटर रनचाच घ्या. त्याला समांतर एक लाखभर ओहमचा रेझिस्टर हवा, म्हणजे प्लग काढल्यावर पिनेवर झटका बसत नाही. साखळीत एक एनटीसी (थंड असताना जास्त, तापला की कमी रेझिस्टन्स देणारा) घाला, कारण थंड हीटरचा रेझिस्टन्स खूप कमी असतो आणि पहिल्या क्षणाचा धक्का त्यांना नको. एच.टी.कडे जाणारी वाट मात्र या कंडेन्सरमधून नेऊ नका, तिथला करंट एकाच दिशेचा असतो. तिला आपला वेगळा रेझिस्टर द्या. काही जण ड्रॉपरऐवजी नुसता एक डायोड लावतात. डायोडमागे खरी प्रभावी किंमत १६३ व्होल्ट उरते, ११५ नाही. साधा मीटर तिथे कमी आकडा दाखवतो, माणूस निश्चिंत होतो आणि हीटर हळूहळू जळत राहतात.

पेपर कंडेन्सर, विशेषतः आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडला जाणारा, दोन्ही प्रकारांत न विचारता बदलावा. पहिल्यांदा वीज देताना सिरीज दिवा, म्हणजे सेटच्या वाटेत एक साधा दिवा, लावायची पद्धतही दोन्हीकडे तीच. एसी सेटवर दिवा क्षणभर पेटून मंद होतो. एसी-डीसीवर तो मंद पेटलेलाच राहतो, त्यानं घाबरू नका, हीटरचा करंट सतत त्यातूनच जात असतो.

अमेरिकेहून कोणी पाच व्हॉल्व्हचा छोटा सेट आणला असेल तर त्याला ड्रॉपर नाहीच, कारण तिथली साखळी १५० मिलिअँपिअरची आणि बेरीज तिथल्याच मेनइतकी, १२० च्या आसपास. त्याला इकडे २३० ला ११५ चा, दोन स्वतंत्र वाइंडिंगचा स्टेप-डाउन लागतो. प्रवासात वापरायचे हलके इलेक्ट्रॉनिक कन्व्हर्टर त्याच्या जवळही नेऊ नका. आणि तिकडचा ट्रान्सफॉर्मरवाला सेट असेल तर तो ६० हर्ट्झसाठी बांधलेला आहे. ५० हर्ट्झवर त्याच व्होल्टेजला त्याच्या लोखंडात वीस टक्के जास्त चुंबकीय भार येतो, म्हणून त्याला ११५ ऐवजी शंभरच्या आसपास द्या आणि पहिला तासभर ट्रान्सफॉर्मर किती तापतो ते बघत राहा. हात लावून बघायचं तर आधी प्लग काढून.